नरक्याचे झाड आणि शाळेतील औषधी बाग

श्रोतेहो, नमस्कार. शाळेच्या आवारात औषधी वनस्पतींची बाग करायची ठरली की तुळस, कोरफड, गवती चहा ही रोपे घरोघरून लगेच जमतात आणि त्यांचे उपयोग मुलांनी आजीकडून ऐकलेलेच असतात. त्यांविषयी मी अधिक बोलणार नाही. बागेतून मुलांना एक गोष्ट पक्की कळावी, अशी माझी इच्छा आहे: पान काढले तर झाड राहते, मूळ किंवा खोडच काढले तर बहुधा झाड जाते.

हे किती खरे आहे, ते सह्याद्रीतील नरक्याच्या झाडावरून सांगतो; गोष्ट मात्र दुसऱ्याच एका झाडापासून सुरू होते. 1925 साली नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तेथे मनरो वॉल यांच्याबरोबर ते वनस्पतींमधून कर्करोगावरील द्रव्ये शोधत होते. मूळच्या चीनमधील एका झाडाची साल आणि लाकूड वॉल यांच्याकडे तपासणीसाठी आले होते, आणि ते रानातून नव्हे, तर कॅलिफोर्नियातील चिको येथील सरकारी वनस्पती उद्यानातून आले होते. कोणीतरी ते परदेशी झाड लावून, जपून ठेवले होते म्हणूनच हा शोध लागला, हे मला फार मोलाचे वाटते. 1966 मध्ये या संशोधकांनी त्यातील कॅम्पटोथेसिन या द्रव्याची रचना जाहीर केली आणि त्याच द्रव्यावरून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे तयार झाली. नंदुरबारच्या या सुपुत्राची ओळख महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत करून दिली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गोष्ट येथे संपत नाही. 1972 मध्ये मुंबईतील संशोधकांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्यात सापडले. पिवळसर पांढऱ्या, दुर्गंधी येणाऱ्या बारीक फुलांचे हे लहानसे झाड. तोवर त्याला बाजारात फारसे कोणी विचारत नव्हते. पुढे मागणी वाढली, आणि द्रव्य खोडात व मुळांत असल्यामुळे कोकणात आणि सातारा-कोल्हापूरच्या घाटपट्ट्यात झाडेच्या झाडे चोरून तोडली गेली, मुळेसुद्धा उकरली गेली. जे झाड रुग्णांच्या कामी आले, तेच आपल्या रानात दुर्मिळ झाले.

म्हणून बागेतील प्रत्येक फलकावर स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव यांच्याबरोबर औषधाला कोणता भाग लागतो, हे ठळक लिहावे. फलक छापून आणू नयेत, मुलांनीच रंगवावेत; हाताने लिहिलेले नाव विसरत नाही. अडुळसा, निर्गुडी यांची पाने. हिरडा, आवळा यांची फळे. सर्पगंधा, सप्तरंगी, शतावरी यांची मुळे. गुळवेलीचे खोड घेतात, पण तिचा तुकडा पावसाळ्यात मातीत खोचला तरी फुटतो, हा फरकही मुलांना करून दाखवावा. पुन्हा सांगतो, पान काढले तर झाड राहते, मूळ काढले तर झाड जाते. तेव्हा मुळांची झाडे बागेत अधिक लावावीत.

कुंपणाला ड्युरांटा लावण्याची आणि मधोमध पाणी पिणारी हिरवळ करण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. अडुळशाचे कुंपण छाटले की जोमाने फुटते आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. ब्राह्मी आणि वेखंड यांना हातपंपाजवळची ओल द्यावी, कोरफडीला मात्र पाणी बेतानेच घालावे. कळलावी फार देखणी असली तरी तिचा कंद विषारी असतो, म्हणून ती स्वतंत्र जाळीत आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच ठेवावी.

रोपे रानातून उपटून आणू नयेत. ती खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत, आणि बी गोळा करायचे असेल तर एकाच झाडाखालचे न घेता अनेक झाडांखालचे थोडे थोडे घ्यावे, बरेचसे तेथेच रुजायला सोडावे.