तळघरातले डोंगर : जॉन ॲलन यांची रेल्वे

[पडद्यावर : कृष्णधवल छायाचित्र. दरीवरचा उंच पूल, पुलावर मालगाडी.]

पुलावरच्या इंजिनाकडे बघा. धुरानं काळवंडलेलं आहे. मागच्या वाघिणींचा रंग उडालाय. खाली दरी अशी, की डोकावून बघायलाही धीर हवा.

हे इंजिन तळहातावर मावतं. उंची जेमतेम दोन इंच. आणि दरीचा तळ म्हणजे एका घराच्या तळघरातली जमीन.

घर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावातलं. घरमालक जॉन ॲलन. एकटा माणूस, धंद्यानं फोटोग्राफर. त्यांच्या या रेल्वेचं नाव होतं ‘गोर अँड डॅफेटिड’. कागदावर वाचताना एखाद्या जुन्या खानदानी कंपनीचं नाव वाटतं. मोठ्यानं म्हणायला गेलं की इंग्रजी कानाला ऐकू येतं, ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’. ॲलन यांचा विनोद असाच होता. चेहरा गंभीर ठेवून केलेला.

[पडद्यावर : अमेरिकेचा नकाशा, जॉप्लिनपासून मॉन्टेरेपर्यंत.]

त्यांचा जन्म 2 जुलै 1913 चा, मिझुरी राज्यातल्या जॉप्लिनचा. आईवडील लवकर गेले, नातेवाइकांकडे वाढले. लहानपणी संधिवाताचा ताप आला आणि हृदय कायमचं अधू झालं. पुढे लॉस एंजेलिसला फोटोग्राफी शिकले, त्यातच धंदा केला, आणि आलेला पैसा अशा हिशेबानं गुंतवला की तरुण वयातच रोजच्या कमाईची चिंता मिटली. मग उरलेलं सगळं आयुष्य छोट्या, हुबेहूब आगगाड्या बनवायच्या छंदाला दिलं.

पहिला लेआउट, म्हणजे रूळ, गावं, डोंगर यांसकट मांडलेली छोटी रेल्वे, 1946 चा. सात फूटसुद्धा लांब नव्हता. पुढे 1950 च्या दशकात तळघरात मोठी रेल्वे उभी राहिली, तेव्हा हा पहिला तुकडा त्यांनी टाकून दिला नाही. तसाच्या तसा नव्या मुलखात बसवून टाकला.

[पडद्यावर : मोजपट्टी, शेजारी छोटे रूळ आणि दोन सेंटिमीटरचा माणूस.]

आता थोडं मापाचं बोलू, कारण अडचण तिथेच आहे. या छंदात ‘एचओ’ हे माप सगळ्यात जास्त चालतं. खरी वस्तू 87 पट लहान करायची. दोन रुळांमधलं अंतर येतं 16.5 मिलिमीटर. पावणेसहा फुटी माणूस होतो दोन सेंटिमीटरचा.

आपली 24 डब्यांची एक्स्प्रेस या मापात आणली, तर तीही 22 फूट भरेल. ॲलन यांचं तळघर होतं तीसएक फूट लांब. खऱ्या मापात पाऊण किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गाडी सुटली म्हणेपर्यंत पोचलीच. यात प्रवास कुठला दाखवणार?

ॲलननी गाड्या आखूड ठेवल्या आणि मध्ये डोंगर घातले. गाडी बोगद्यात शिरते, दिसेनाशी होते, आणि निघते ती वेगळ्याच उंचीवर, वेगळ्याच गावाजवळ. खोली तीच असते, पण बघणाऱ्याला वाटतं, गाडी लांब जाऊन आली. शिवाय एका जागी उभं राहून अख्खी रेल्वे दिसायचीच नाही. मुलूख कुठे संपतो ते कळायला मार्ग नव्हता.

बहुतेक लेआउट टेबलावर असतात. टेबलाची कड आली की देश संपला. ॲलन यांच्याकडे दऱ्या थेट जमिनीला टेकायच्या आणि कडे छताकडे चढायचे. खडक प्लास्टरचे. काही साच्यातून काढलेले, काही हातानं कोरलेले, वर पातळ रंगांचे हात. मागे जाल तशी झाडं आणि घरं मुद्दाम लहान मापाची, म्हणजे दोन हातांवरचा डोंगर मैलभर दूर वाटावा.

आणि आरसे. रस्ता संपतो तिथे आरसा उभा केला की रस्ता दुप्पट लांब होतो. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. आरशाची कड झाकावी लागते. आरशासमोर दुकानाची पाटी ठेवता येत नाही, अक्षरं उलटी दिसतात. आणि पाहुणा नको तिथे उभा राहिला तर डोंगरात त्याचं स्वतःचं तोंड दिसतं. तेव्हा कोण कुठे उभा राहणार, हे आधीच ठरवून रचना करावी लागते. स्टुडिओत लोकांना कॅमेऱ्यासमोर उभं करण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्यालाच हे सुचणार.

[पडद्यावर : रंग उडालेली मालवाघीण, अगदी जवळून. गंज, काजळी, विटलेल्या फळ्या.]

त्या काळी छंदी मंडळी इंजिनं कशी ठेवायची? चकचकीत. पितळ घासून, रंग पुसून, काचेच्या कपाटात शोभतील अशी. ॲलननी ती मळवली. काजळी फासली, गंज चढवला, इमारतींची छपरं जुनी केली, कुंपणं कलती केली. आज या कामासाठी खास रंग आणि पावडरी विकत मिळतात, शिकवणारे शेकड्यानं आहेत. पण हे करायचं असतं, हे लोकांच्या मनावर ठसवणाऱ्यांत ॲलन यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. आपल्याला खरं तर हे पटायला वेळ लागू नये. रेल्वेत नवंकोरं काही फार दिवस राहत नाही, हे पॅसेंजरनं फिरलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

बरं, इतकं खरं करायचं आणि मध्येच फिरकी घ्यायची, हाही त्यांचाच स्वभाव. यार्डात शंटिंगला, म्हणजे वाघिणी ढकलून जागेवर लावायला, एमा होती. एमा म्हणजे इंजिन नव्हे, स्टेगोसॉरस. पाठीवर तकटांची रांग असलेला डायनासोर. तिला रेल्वेचा नंबरही होता, 13. एक स्टेशन ‘आकिनबॅक’. त्याचाही उच्चार करून बघावा, म्हणजे पाठ धरलेल्या माणसाचं दुःख कळतं. लेआउटखाली वाकून तारा जोडणाऱ्यांना ते जास्त कळत असावं.

[पडद्यावर : सांधा बदलतानाचं जवळून दृश्य. वाघिणी एकमेकींना जोडल्या जातात.]

ॲलन यांचं नाव झालं ते फोटोंमुळे, डोंगरांमुळे. मला मात्र त्यांची खरी कमाई दुसरीकडे दिसते. ही रेल्वे चालायची.

नुसती गोल गोल फिरणारी गाडी नव्हे. मित्र जमायचे आणि प्रत्येकाला काम असायचं. कुणी गाडी चालवणार, कुणी यार्ड सांभाळणार, कुणी कोणत्या गाडीला रस्ता द्यायचा ते ठरवणार. वेळापत्रक होतं. घड्याळ मात्र मुद्दाम जलद चालणारं, कारण अंतर 87 पट आखडलं तर मिनिटंही आखडायला हवीत. अमुक वाघीण तमुक कारखान्याच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या आखूड रुळावर, लावायची, रिकामी घेऊन यायची, आणि तेवढ्यात मागून पॅसेंजर आली तर मेन लाइन मोकळी करायची. घामाघूम व्हायचं काम.

यात एक वाघीण घसरली की संपलं. आणि छोट्या गाड्या घसरतात फार. कारण साधं आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 87 पट कमी झाली की वजन साडेसहा लाख पटींनी कमी होतं. भरलेली 80 टनांची वाघीण हिशेबानं सव्वाशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. रुळावर पडलेला प्लास्टरचा कण तिला पुरतो. रुळांवर धूळ बसली की वीज पोचत नाही, इंजिन जागच्या जागी थांबतं. म्हणून ॲलन चाकं तपासायचे, वजनं जुळवायचे, रूळ आणि सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, पुन्हा पुन्हा बघायचे. कड्याएवढ्या डोंगरांचे फोटो निघतात. स्वच्छ चाकाचा फोटो कोण छापणार?

[पडद्यावर : जुना स्टँडवरचा कॅमेरा, त्याच्यासमोर छोटी गाडी.]

फोटोंचंही तंत्र होतंच. दोन इंची वस्तूच्या जवळ कॅमेरा नेला की नाक स्पष्ट आणि शेपटी धूसर, असं होतं, आणि डोळा लगेच ओळखतो, खेळणं आहे. उपाय एकच. भिंगाचं छिद्र होईल तेवढं बारीक करायचं आणि त्या बदल्यात प्रकाशाला भरपूर वेळ द्यायचा. मग पुढच्या चाकापासून मागच्या शिखरापर्यंत सगळं रेखीव येतं. ॲलन यांचे फोटो अमेरिकेतल्या ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात येत राहिले. वार्नी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींतही ते झळकले. मॉन्टेरेला कधीही पाऊल न टाकलेल्या हजारो लोकांना त्यांच्या रेल्वेची गावं पाठ झाली ती अशी.

[पडद्यावर : काही क्षण काळोख.]

6 जानेवारी 1973. ॲलन हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय 59. रेल्वेचं काम जवळपास पूर्ण होत आलं होतं, पण झालेलं नव्हतं. मित्र अजून सावरले नव्हते. रेल्वेचं आता काय करायचं, हा प्रश्न नुकताच उभा राहत होता.

पुढच्या काही दिवसांतच त्या घराला आग लागली. गॅसच्या हीटरपासून, असं सांगतात. लाकडी सांगाडा, रंग, कागद, प्लास्टिक, आणि सगळं एका बंद तळघरात. वीसएक वर्षांच्या कामातलं फार थोडं हाती लागलं.

तेव्हा आज ‘गोर अँड डॅफेटिड’ आहे ती छायाचित्रांत आणि नकाशांत. तो माणूस फोटोग्राफर नसता, तर आपण हे सांगायलाही बसलो नसतो.

[पडद्यावर : लांबट लाकडी फळी. त्यावर पाच सांधे, एक इंजिन, पाच वाघिणी.]

एक गोष्ट मात्र आगीच्या आवाक्याबाहेर होती, कारण ती तोवर छापून झाली होती. ॲलननी शंटिंगचा एक खेळ बसवला होता, ‘टाइमसेव्हर’. मोठ्या रेल्वेचं काहीच यात नाही. ना डोंगर, ना आरसे. एक लांबट फळी, पाच सांधे, थोड्या आखूड सायडिंग. वाघिणी विस्कटून ठेवायच्या, आणि कोणती कुठे जायची ते ठरवून घड्याळ सुरू करायचं. जो कमी वेळात लावेल तो जिंकला. इंजिनाचा वेग सगळ्यांना सारखाच, म्हणजे जोरात पळवून जिंकण्याची सोय नाही. डोकं चालवलं तरच.

आपल्याकडे छोटी रेल्वे प्रत्यक्ष पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं, 1998 साली सुरू झालेलं. तिथे बसून बघायचं आणि थक्क व्हायचं. ‘टाइमसेव्हर’ मात्र घरी होतो. रूळ महाग वाटले तर आधी कागदावर आखून काड्यापेटीच्या वाघिणी करा, चालतं. फक्त एक सांभाळा. सायडिंगची लांबी मनानं वाढवू नका. प्रत्येक ठिकाणी किती वाघिणी मावतात, यावरच सगळा खेळ बेतलेला आहे. एका वाघिणीची जागा जास्त दिलीत, तर दहा वर्षांचं पोर दोन मिनिटांत सोडवून खेळायला पळेल.

[पडद्यावर : फळीवर इंजिन मागे येतं. श्रेयनामावली सुरू.]