एकशेऐंशी रुपयांची पावती

(पहाट. गल्लीच्या तोंडाशी धूर.)

डिसेंबर महिना, सकाळचे पावणेसहा. पुण्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी पाचोळ्याचा ढीग धुमसतोय. पाचोळ्यात दुधाच्या पिशव्या आहेत, वेफर्सची पाकिटं आहेत, एक तुटकी चप्पल आहे. थंडीत हा धूर वर चढत नाही. रेंगाळत रेंगाळत तो पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरतो.

याला दंड किती?

ज्याला विचाराल तो वेगळा आकडा सांगेल. रस्त्यावर कचरा टाकला तर आरोग्य निरीक्षकाच्या पावती पुस्तकात १८० रुपये. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, कचऱ्याच्या प्रश्नावर लढणाऱ्या अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवर २२ डिसेंबर २०१६ला आदेश दिला : उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार. आणि या सगळ्याच्या वर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा. २०१६चे घनकचरा नियम याच कायद्याखाली आले. या कायद्याच्या कलम १५मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. अनेक कायद्यांतली कैद काढणाऱ्या २०२३च्या जनविश्वास कायद्याने ती काढून तिथे दंड आणला. १ एप्रिल २०२४पासून तो आहे कमीत कमी १० हजार, जास्तीत जास्त १५ लाख.

कचरा जाळला नाही, नुसता टाकला, तर खाली १८०, वर १० हजार. मधे मोठा खड्डा.

(रात्र. नाल्याकाठी टेम्पो.)

या खड्ड्यात कोण लपतं? रात्री दोनला हॉटेलांचं खरकटं टेम्पोत भरून नाल्याकाठी ओतणारा. १५ लाखांचा दंड लावायचा तर प्रकरण सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे जावं लागतं. तिथपर्यंत नाल्याकाठचा ढीग कधी पोचणार? निरीक्षकाच्या हाती उरतं पावती पुस्तक. टेम्पोवाल्याला एका फेरीच्या डिझेलपेक्षा ही पावती स्वस्त पडते. तो पैसे मोजतो, कागदाची घडी करून खिशात घालतो आणि उद्या पुन्हा येतो.

खरं तर २०१६च्या नियमांनीच महापालिकांना सांगितलं होतं की आपापले उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम, करा, जागेवरच्या दंडाचे निकष ठरवा. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारीही टाकली होती. मग दंडाच्या पायऱ्याही तशाच हव्यात. चुकून ओला-सुका एकत्र देणाऱ्या घराला लहान रक्कम. तीच चूक रोज करणाऱ्या मोठ्या सोसायटीला, मंगल कार्यालयाला, हॉटेलला इतकी, की कचरा जिरवणं त्यापेक्षा स्वस्त वाटावं.

(भाजी बाजार.)

नुसता आकडा वाढवून काय होतं, तेही आपण पाहिलंय. महाराष्ट्राने मार्च २०१८मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिने कैद. पायऱ्या होत्या, पण चुकणारा कोण आहे, हे त्या बघत नव्हत्या. मेथीच्या जुड्या पाण्याने शिंपडत बसलेल्या मावशींना पातळ पिशवीबद्दल ५ हजार आणि झगमगत्या दुकानालाही ५ हजारच. मावशींचा आठवड्याचा गल्ला त्यात जातो. अशा वेळी निरीक्षक पावती फाडायला कचरतो, आणि त्यात त्याची चूक आहे असं मला वाटत नाही.

दंड वरच्या दिशेनेही लागला पाहिजे. सप्टेंबर २०२२मध्ये लवादाने कचरा आणि सांडपाण्यावर प्रक्रिया होत नाही म्हणून महाराष्ट्र सरकारला १२ हजार कोटी रुपये भरायला सांगितलं. म्हणजे राज्यही चुकू शकतं, हे कायद्याला मान्य आहे. हेच वॉर्डाच्या पातळीवर का उतरू नये? गाडी आली नाही, ढीग साचला, तर त्या दिवसाची रक्कम ठेकेदाराच्या बिलातून वजा झाली पाहिजे.

(पुन्हा तीच गल्ली. सकाळचे आठ.)

ढीग आता विझलाय. झाडणाऱ्या ताई फावड्याने राख गोळा करताहेत. घंटागाडी तीन दिवसांनी आली आहे. राखेत दुधाच्या पिशवीचा वितळलेला गोळा फावड्याला चिकटलाय. ताई तो चपलेने खरवडून काढतात आणि गाडीत टाकतात. पावती कुणाच्याच नावावर फाटलेली नाही.