ओळंबा आणि 90 दिवसांचा दाखला

आधी कोपरे उभे राहतात. लातूर जिल्ह्यातल्या या घरावर गवंडीमामा दोन्ही कोपरे चार-पाच थर चढवून घेतात, मग मधे दोरी ताणतात आणि दोरीला धरून विटा लावत जातात. वीट आधी पाण्यात भिजवलेली हवी. कोरडी वीट मालातलं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं, पाणी ओढून घेते, सांधा कच्चा राहतो. थापीनं माल पसरायचा, वीट दाबून बसवायची, थापीच्या मुठीचे दोन ठोके. बाहेर आलेला माल वाया जात नाही, तो लगेच उभ्या सांध्यात. मग ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. ते हलायचं थांबत नाही तोवर मामा पुढच्या विटेला हात लावत नाहीत. बिगारी म्हणून घमेली उचलता उचलता नजरेनं उचललेली ही विद्या.

दगडी भिंतीत तर खरं कसब दिसतच नाही. किल्लारी भागातल्या जुन्या भिंती बघा, जाड आणि वरून भक्कम. पण आतली-बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते, आणि डोक्यावर माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, मातीचं ओझं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात त्या फाकल्या. सुमारे 8 हजार माणसं गेली.

इतकं ज्याच्या हातात, त्याला कायद्यानं कुठं बसवलं? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं बांधकामाच्या व्याख्येत बोगदे, कालवे, ट्राममार्ग, बिनतारी यंत्रणासुद्धा मोजली. कामगार मात्र कुशल, अर्धकुशल, अकुशल. गवंडी त्यातच कुठंतरी.

बांधकाम कामगारांना मदत देणाऱ्या सरकारी कल्याणकारी मंडळाकडे नोंद करायची तर वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदारानं द्यायचा, नाहीतर ग्रामसेवकानं. खेड्यात घर बांधून घेणारा शेतकरी काही ठेकेदार नसतो. 10 लाखांच्या आत स्वतःचं घर बांधणाऱ्याला तर त्या कायद्यानं आस्थापनेतूनच, म्हणजे कायदा लागू होणाऱ्या मालकांतूनच, वगळलं होतं. मामांची कामं सगळी अशाच घरांची. आज औशाला, पुढच्या महिन्यात निलंग्याला. ठरलं ते तोंडी, पैसे बाजाराच्या दिवशी, हजेरीपुस्तक कुठलं? मग ग्रामसेवक विचारतात, पुरावा काय? दाखला नाही म्हणून पोरांची शिष्यवृत्ती आणि अपघाताची मदतही नाही.

ज्याच्या घराची भिंत मामांनी उभी केली, त्या घरमालकाची सही 90 दिवसांच्या हिशेबात धरली गेली पाहिजे. सही द्यायला तो तयार आहे. ती घेणारा रकाना अर्जात हवा.