अंगोलात कोण कोणाला वापरत होतं?

अंगोलाच्या यादवीबद्दल पुस्तकांत एक ठरलेलं वाक्य असतं, अमेरिका आणि रशियाने आपलं शीतयुद्ध आफ्रिकेत नेऊन लढवलं, आणि बिचारे अंगोलन लोक मधल्या मध्ये भरडले गेले. भरडले गेले हे खरंच आहे. पण शीतयुद्ध संपलं 1991 ला आणि अंगोलातली लढाई संपली 2002 ला, मग मधली अकरा वर्षं कोणाच्या जोरावर चालली होती? आज मला याबद्दलच बोलायचंय.

सुरुवात 1961 पासून करू. त्या डिसेंबरात आपलं लष्कर गोव्यात शिरलं आणि दीड-दोन दिवसांत पोर्तुगीजांचा कारभार आटोपला. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पोर्तुगीजांच्याच अंगोला वसाहतीतही उठाव झाला होता, पण तिथं कॉफी होती, हिरे होते, पुढे उत्तरेकडच्या काबिंडा प्रांतात तेल लागलं, त्यामुळे लिस्बन काही सोडायला तयार नव्हतं. तेरा वर्षं सैन्य ओतत राहिले, शेवटी त्या सैन्यातलेच अधिकारी वैतागले आणि एप्रिल 1974 मध्ये त्यांनी लिस्बनमध्येच सत्ता उलथवली.

आता अंगोलात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटना एक नाही, तीन. आगुस्तिन्यो नेटोंची एमपीएलए, राजधानी लुआंडा आणि शहरी लोकांची, डाव्या विचारांची. होल्डन रॉबर्टोची एफएनएलए, उत्तरेतल्या बाकोंगोंची, तिच्या पाठीशी शेजारच्या झैरेचा मोबुटू. आणि जोनास साविंबीची युनिटा, मधल्या पठारावरच्या ओविंबुंडूंची. जानेवारी 1975 मध्ये पोर्तुगालच्या अल्वोर गावात तिघांनी मिळून सरकार चालवायचं ठरलं, स्वातंत्र्याची तारीख ठरली 11 नोव्हेंबर, आणि मग राजधानी ज्याच्या हातात त्याचा देश असा सरळ हिशोब झाला. तो करार काही महिनेसुद्धा टिकला नाही.

त्या आदल्या दिवसाची, 10 नोव्हेंबरची लढाई जरा सविस्तर सांगतो. लुआंडाच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर किफांगोंडो नावाचं ठिकाण आहे, खाली बेंगो नदी, दोन्ही बाजूंना दलदल, मधून एकच रस्ता. रॉबर्टोला उद्याच्या आत लुआंडा गाठायचंच होतं. त्याच्या बरोबर झैरेचं सैन्य, मागे टेकडीवर दक्षिण आफ्रिकेच्या तोफा, बरोबर सीआयएची माणसं, म्हणजे वरात पूर्ण होती. त्या उघड्या रस्त्याने गाड्यांची रांग निघाली आणि समोरून रशियन रॉकेटं सुटली, एका ट्रकवरून चाळीस-चाळीस. झैरेकडच्या तोफांपैकी एक तर स्वतःच फुटली. दलदलीमुळे पांगायलाही जागा नाही. एफएनएलएच्या लोकांनी पुढे त्या रस्त्याला मरणाचा रस्ता असंच नाव ठेवलं. एफएनएलए ही संघटना तिथंच जवळजवळ संपली, आणि त्या रात्री बारा वाजता नेटोंनी लुआंडात स्वातंत्र्य जाहीर केलं.

तेवढ्यात दक्षिणेकडून दक्षिण आफ्रिकेची फौज ऑक्टोबरपासूनच आत घुसलेली होती, चोरून, आम्ही नाहीच म्हणत. आणि क्यूबाने एमपीएलएच्या मदतीला विमानांतून कमांडो पाठवायला सुरुवात केली होती. या मोहिमेला नाव दिलं कार्लोटा, 1843 मध्ये क्यूबातल्या ऊसमळ्यावर बंड करणाऱ्या एका गुलाम बाईचं. कॅस्ट्रोने हा निर्णय मॉस्कोला न विचारता घेतला असं कागदपत्रांवरून आता दिसतं, म्हणजे प्यादं म्हणावं तर हे प्यादं स्वतःच चाल खेळत होतं! दक्षिण आफ्रिकेचे सैनिक पकडून लुआंडात जगासमोर उभे केले गेले आणि वर्णद्वेषी सरकार या लढाईत आहे म्हटल्यावर नायजेरियासारख्या देशांनी एमपीएलएला मान्यता दिली. मार्च 1976 पर्यंत दक्षिण आफ्रिका परत गेली, क्यूबाचे 36,000 सैनिक आलेले होते.

पण राज्य मिळालं म्हणून घर शांत झालं असं नाही. मे 1977 मध्ये पक्षातच बंड झालं, क्यूबाच्या सैन्याने नेटोंना वाचवलं, आणि मग हजारो माणसं खटल्याविना मारली गेली. त्यांत सीता व्हालेस होती, आईवडील गोव्याचे, जन्म काबिंडाचा, वय पंचवीस-सव्वीस. 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष लोरेन्सूंनी या हत्यांबद्दल जाहीर माफी मागितली.

आता तेलाची गंमत बघा. काबिंडातलं तेल काढत होती गल्फ ऑइल, अमेरिकन कंपनी. तिच्या पैशावर मार्क्सवादी सरकारचा लढाईचा खर्च चालायचा, आणि तिच्या विहिरींचं रक्षण करत होते क्यूबाचे सैनिक. 1985 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो ते तेलाचं ठाणं उडवायला आले तर अंगोलाच्या सैन्याने त्यांना गाठलं, दोघं मारले गेले, एक पकडला गेला. आणि तिकडे वॉशिंग्टनमध्ये रेगनसाहेब जानेवारी 1986 ला साविंबीला व्हाइट हाउसमध्ये बोलावून स्टिंगर क्षेपणास्त्रं देत होते. हा साविंबी म्हणजे अजब माणूस, आधी चीनकडून मदत घेतली, पोर्तुगीज लष्कराशी गुपचूप जमवलं (युनिटावाले हे नाकारतात), मग दक्षिण आफ्रिका, मग अमेरिका. कोण कोणाला वापरत होतं ते तुम्हीच ठरवा.

1987 मध्ये रशियन सल्लागारांच्या आग्रहावरून सरकारी सैन्य युनिटाच्या आग्नेयेकडच्या मुलखात घुसलं आणि लोंबा नदीवर दक्षिण आफ्रिकेने त्यांना झोडपून काढलं. उरलेले क्वितो क्वानावालेला मागे आले, तिथं महिनोन्‌महिने तोफांचा मारा चालला, पण मार्च 1988 पर्यंत गाव काही पडलं नाही. जिंकलं कोण यावर दोन्हीकडचे निवृत्त सैनिक आजही हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते महत्त्वाचं तिथं नाही, पश्चिमेला घडलं. कॅस्ट्रोने नवी फौज थेट दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाच्या सीमेकडे सरकवली, त्यांची मिग विमानं पोचली, आणि दक्षिण आफ्रिकेला हिशोब परवडेना. डिसेंबर 1988 मध्ये न्यूयॉर्कला करार झाला, क्यूबाने परत जायचं, नामिबिया स्वतंत्र व्हायचा. सह्या केल्या अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिकेने. युनिटा त्या टेबलावर नव्हतीच! म्हणजे पाहुण्यांचा निरोपसमारंभ झाला आणि घरातलं भांडण तसंच राहिलं.

1992 ला निवडणूक झाली, एमपीएलएचे राष्ट्राध्यक्ष दोस सांतोस साधारण 49.6 टक्के, साविंबी 40. दुसरी फेरी व्हायची होती, ती झालीच नाही, साविंबी परत लढायला गेला. हुआंबो शहरासाठी 55 दिवस लढाई चालली. आता अमेरिका नाही, रशिया नाही, पण सरकारकडे तेल आणि युनिटाकडे हिऱ्यांच्या खाणी. कच्च्या हिऱ्यावर कुठून आला हे लिहिलेलं नसतं, तो बाजारात मिसळला की मिसळला, आपल्याकडे ऑपेरा हाउस आणि सुरतेच्या लोकांना हे सांगायला नको. आणि सरकारने 1993 मध्ये भाड्याने आणलेल्या एक्झिक्युटिव्ह आउटकम्स या भाडोत्री सैनिकांच्या कंपनीतले कितीतरी जण दक्षिण आफ्रिकेचे माजी सैनिक होते, ज्यांनी काही वर्षांपूर्वी साविंबीच्याच बाजूने लढाई केली होती.

1994 चा सरकार आणि युनिटामधला लुसाका करारही फसला. 22 फेब्रुवारी 2002 ला मोशिको प्रांतात साविंबी मारला गेला आणि 4 एप्रिलला युद्धबंदीवर सह्या झाल्या, सहा आठवड्यांच्या आत. मेलेल्यांचा आकडा साधारण पाच लाख धरतात, सुरुंग काढायचं काम अजून चालू आहे. काबिंडा मात्र वेगळं प्रकरण आहे, तो तुकडा मधल्या काँगोच्या पट्टीमुळे उरलेल्या देशापासून तुटलेला आहे आणि तिथली फुटीर चळवळ या करारात बसली नव्हती. त्याबद्दल कोणाला विचारायचं असेल तर आता विचारा.