कूतचा वेढा: गोळीवाचून गेलेले शिपाई

मंडळी, नमस्कार. पहिलं महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले खंदक आठवतात. सातारा-रत्नागिरीकडच्या पुष्कळ पोरांच्या वाट्याला मात्र इराक आला, तेव्हाचा मेसोपोटेमिया. तिकडे सगळ्यात आधी गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

लढायांचा भाग भरभर सांगतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं. मग तैग्रिस नदीच्या काठाने वर वर जात सप्टेंबर १९१५ मध्ये कूत हे नदीकाठचं गाव घेतलं. मोहिमेचा सेनापती जनरल निक्सन याला आता बगदादचे वेध लागले आणि त्याने डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंड याला पुढे धाडलं. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्की फौजेशी गाठ पडली, आपली साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि डिव्हिजन कूतला परत फिरली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. तो जवळजवळ पाच महिने चालला.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येतो. तिथे मेलेल्या पोरांचा आजार नुसता हवापाण्याचा नव्हता. त्यातला बराचसा कचेऱ्यांमध्ये तयार झाला होता. मोहीम चालवत होतं हिंदुस्थान सरकार, आणि तेही काटकसरीने. टेसिफोनच्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या बैलगाड्या-खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणलं. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाडीतून कसा गेला असेल, बघा विचार करून. पुढे नदीतून बोटीने बसऱ्याला. ‘मेजिदिया’ नावाची बोट धक्क्याकडे येत होती, तेव्हा मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरला तिच्या बाजूंवर दोरखंड लोंबतायत असं वाटलं. बोट जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीने बेजार झालेल्या जखमींना उठवणारं कोणी नव्हतं. कार्टरने तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली! पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्याने गेलेली पोरं काही परत येणार नव्हती.

कूतच्या आत काय चाललं होतं? गोऱ्या सोल्जरांना मैद्याचा पाव मिळे, त्यांना बेरीबेरी झाली, म्हणजे धान्याच्या कोंड्यातल्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. आपल्या शिपायांना कोंड्यासकट आटा, म्हणून ते बेरीबेरीतून बऱ्यापैकी वाचले. पण ताजी भाजी नाही, लिंबू नाही, मांस नाही. त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजतात, रक्त येतं, सांधे धरतात, भरत आलेली जखम पुन्हा उकलते. लिंबू-संत्र्याने हा रोग हटतो, हे लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ मध्येच जहाजावर दाखवलं होतं. म्हणजे औषध ठाऊक होतं, पुरवठ्याच्या यादीत ते पुरेसं कधी आलंच नाही.

गोरे सोल्जर घोड्याचं मांस खात होते आणि त्या ताज्या मांसाने त्यांचा स्कर्व्हीपासून बचाव झाला. आपल्यातल्या बहुतेकांनी एप्रिलपर्यंत ते तोंडात घातलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानग्या मागवल्या गेल्या, त्या आल्याही. तरी पोरं कचरत होती. यावर ‘अडाणी होते’ असं म्हणणारे मला भेटतात, आणि मला त्याचा राग येतो. विशीतल्या पोराला आपण जगणार की मरणार हे माहीत नव्हतं, पण जगलो तर गावी जायचंय हे पक्कं होतं. तिथे वाळीत टाकलं, कोणी मुलगी दिली नाही, तर धर्मगुरूची तार काय कामाची? त्याचा हिशेब त्याच्या जगापुरता चोख होता.

शेवटी रोजचं पीठ दीडशे ग्रॅमच्याही आत आलं. लोक रानातला पाला खुडून शिजवत. त्यातला काही विषारी निघाला. विमानांतून पोती टाकली गेली, त्यातली काही नदीत पडली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपाई उन्हातून पायी निघाले: बगदाद, मोसुल, रास-अल-ऐनचं रेल्वेचं काम. वाटेत आणि छावण्यांत हगवण-तापाने हजारो गेले.

रोगाने मोठ्यांनाही सोडलं नाही. तुर्की बाजूचा जर्मन सेनापती फॉन डर गोल्ट्झ कूतच्या शरणागतीच्या दहा दिवस आधी बगदादला टायफसने गेला. पुढच्या वर्षी बगदाद जिंकणारा जनरल मॉड तिथेच पटकीने गेला. या दोघांची नावं इतिहासात आहेत. १९१५ मध्ये ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ डास चावल्यावर रक्तात विष भिनून सत्ताविसाव्या वर्षी मेलेला रुपर्ट ब्रुक हा इंग्रज कवी तर जगाला माहीत आहे, त्याच्या कबरीला लोक भेट देतात. आपल्या पोरांचं काय? बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांचे पलटणीवार नुसते आकडे. आपल्याकडच्या गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवरही तेच: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके मेले. बसऱ्याचं ते स्मारकही १९९७ मध्ये बंदरावरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

तेव्हा एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत राजाचा मुखवटा असलेलं चांदीचं पदक असेल, तर ते सोनाराकडे नेऊ नका. त्याची कड भिंगाखाली धरा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पितळेसारखी दिसणारी, तळहाताएवढी कांस्याची तबकडी निघाली, तर ती मेलेल्याच्या घरी आलेली असते, मग तो गोळीने मेलेला असो वा हगवणीने. तिच्यावर हुद्दा नाही, फक्त नाव असतं. इंग्रजी लिपीत मोडतोड होऊन आलेलं असेल, पण घरातलं एखादं म्हातारं माणूस ते ओळखेल. पलटण कळली तर मला सांगा, तिची पुढची हकीकत शोधायला मी मदत करीन.