नाडी लागते म्हणून थांबू नका

ऑर्थो वॉर्डात रात्रपाळीला सगळ्यात जास्त वेळा काय ऐकू येतं, हे तुम्हाला सांगायला नको. "सिस्टर, फार दुखतंय, इंजेक्शन द्या." हाड मोडलंय म्हटल्यावर दुखणारच, असं आपण म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मला बोलायचंय ते उरलेल्या पेशंटांबद्दल, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोमबद्दल: स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढतो आणि स्नायू मरू लागतो.

गुडघ्याखाली पायाचे स्नायू चार कप्प्यांत असतात. प्रत्येक कप्प्याभोवती फॅशियाचं चिवट आवरण असतं आणि ते फारसं ताणत नाही. टिबिया, म्हणजे नडगीचं हाड मोडलं, आत रक्त साचलं, सूज आली की दाब वाढतो. आधी दबतात त्या बारीक रक्तवाहिन्या. मोठी धमनी वाहत राहते. म्हणून पावलावर नाडी लागते, ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि आत स्नायू मरत असतो. परीक्षेसाठी पाच 'पी' (इंग्रजीत P ने सुरू होणारी पाच लक्षणं) आपण घोकले, पण त्यातले फिकटपणा, लुळेपणा आणि नाडी जाणं हे उशिरा येतात. तोवर पाय बहुधा हातचा गेलेला असतो.

समजा, बाईकवरून पडलेला पंचविशीतला मुलगा आहे, पायाला स्लॅब (अर्धं प्लास्टर) आहे. अकराला ट्रामाडॉल हे दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, साडेबाराला तो पुन्हा मागतोय. नाटकी म्हणून सोडू नका. वाढत चाललेली इंजेक्शनची मागणी हेच लक्षण आहे. पायाची बोटं तुम्ही स्वतः हलवून बघा: आधी हळूच खाली वाकवा, मग वर. नुसतं एवढ्यानं तो पोटरीत किंवा नडगीपाशी ओरडला, तर सावध व्हा. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कापूस फिरवा आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघा. पुढच्या कप्प्यातून जाणाऱ्या नसेची ती जागा. ब्लॉक किंवा एपिड्यूरल (पाय बधिर करणारं इंजेक्शन) दिलेल्या पेशंटला दुखणं कळतच नाही, तिथे तर जास्तच डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. लहान मूल सांगत नाही; ते बेचैन होतं, रडतं, औषध पुरत नाही.

आपल्याकडे हाडवैद्याने बांबूच्या कामट्या करकचून बांधलेलं मूल अजूनही येतं. कोपराजवळ हाड मोडलेलं असेल, तर त्या हाताकडे आधी बघा. असा दाबाने स्नायू मरून आखडून गेलेला हात फोल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ मध्येच लिहून ठेवलाय.

आता डॉक्टरांना फोन. "पेशंटला दुखतंय" एवढंच सांगितलंत, तर "डोस रिपीट करा" हेच उत्तर मिळणार. सांगा: टिबिया फ्रॅक्चर, दीड तासात दुसऱ्यांदा मागणी, बोटं हलवली की ओरडतो, बेचक्यात बधिरपणा, बीपी इतकं, कंपार्टमेंट सिंड्रोम वाटतोय, आत्ता येऊन बघा. "सकाळी बघू" म्हणाले, तर वरच्यांना लावा. बीपी मुद्दाम सांगायचं. डायस्टॉलिक (बीपीचा खालचा आकडा) ७० आणि कप्प्यातला दाब ४५, तर फरक २५. तो ३० च्या खाली गेला की बहुधा ओटी गाठावी लागते. बीपी पडलं की तोच दाब जास्त घातक ठरतो.

डॉक्टर येईपर्यंत ऑर्डर घेऊन स्लॅब आणि क्रेप बँडेज सोडवा. आतला कापूससुद्धा कातडी दिसेपर्यंत कापा. रक्ताने भिजून वाळलेला कापूस प्लास्टरइतकाच आवळतो. पाय उशांवर उंच ठेवला असेल तर खाली घ्या, छातीच्या पातळीला. बर्फ नको. तोंडाने काही देऊ नका. प्रत्येक तपासणीची वेळ लिहा, कारण साधारण सहा तासांनंतर स्नायू वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते.

फॅशिओटॉमी (दाब सोडवायला फॅशिया कापायचं ऑपरेशन) झाली की जखम उघडीच ठेवतात, काही दिवसांनी बंद करतात किंवा त्यावर कातडी लावतात. नातेवाइकांना आधीच कल्पना द्या, नाहीतर पहिल्या ड्रेसिंगला आई चक्कर येऊन पडते. आणि युरोबॅगवर (लघवीच्या पिशवीवर) लक्ष ठेवा. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर मेलेल्या स्नायूचं मायोग्लोबिन हे प्रथिन किडनीत उतरतंय. लगेच कळवा, पोटॅशियमही बघायला सांगा.