ऊन, पान आणि पिवळं कापड

हे साधं सुती कापड, पिवळ्या रंगात रंगवलेलं. त्यावर नेच्याचं पान ठेवलंय, वरून काच दाबलीय आणि सगळं उन्हात मांडलंय. कॅमेरा नाही, चांदीचे क्षार नाहीत. काही वेळाने पान उचललं, तर कापडावर धड काही दिसतही नाही. मग कापड द्रावणात बुडतं आणि बघता बघता नेच्याची पाती न् पाती लाल होऊन उमटते.

साल १८९०, इंग्लंड. ग्रीन, क्रॉस आणि बेव्हन या तीन रसायनतज्ज्ञांनी ही पद्धत मांडली. रंगाचं नाव प्रिम्युलिन. आर्थर ग्रीन यांनी तो तीनच वर्षांपूर्वी शोधला होता.

प्रिम्युलिन सुताला थेट धरतो, रंग पक्का बसायला तुरटीची गरज पडत नाही. रंगवलेलं कापड सोडियम नायट्राइट आणि आम्लाच्या गार पाण्यातून काढलं, की रंगाचा डायझो, म्हणजे नायट्रोजन धरून ठेवणारं एक संयुग होतं. हा डायझो फार हळवा. उजेड लागला की त्यातला नायट्रोजन वायू उडून जातो, आणि मग त्या जागी दुसरा रंग चढतच नाही. पानाच्या सावलीतला डायझो मात्र शाबूत असतो. त्याला द्रावणातलं बीटा-नॅफ्थॉल हे रसायन मिळालं तर लाल, रिसॉर्सिनॉल हे रसायन मिळालं तर नारिंगी. एकाच कापडावर कुंचल्याने दोन्ही लावा, दोन्ही रंग उमटतील! चित्र धाग्यातच रंगतं, त्यामुळे धुतलं तरी जात नाही. आणि निगेटिव्ह लागतच नाही: जिथे सावली, तिथे रंग. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

खोट एकच, पण मोठी. ऊन खाल्लेला भाग पांढरा होत नाही, पिवळट राहतो. पानाफुलांच्या नक्षीला ते चालून जातं. माणसाच्या चेहऱ्यावर ती झाक खुपते.

पुढे १९२०च्या दशकात जर्मनीत ही खोट दूर झाली. मठात जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढणारे गुस्ताव कोगल यांनी डायझो कागदावर आणला आणि द्रावणाऐवजी अमोनियाची वाफ वापरली. आता उजेड लागलेली जागा पांढरी राहू लागली.

आपल्याकडच्या आर्किटेक्टच्या ऑफिसांत वर्षानुवर्षं निघालेली ‘अमोनिया प्रिंट’ ती हीच. घराचा नकाशा घ्यायला गेलं की गुंडाळी उलगडतानाच तो नाकात झोंबणारा वास यायचा. आत, अजून किंचित दमट कागदावर, स्वयंपाकघर, मोरी, जिना: सगळं जांभळ्या रेषांत.